आईच्या रक्ततपासणीत सीडी४ कमी आणि सीडी१९ जवळपास शून्य : हा अहवाल नेमका कसा वाचावा?

पूर्वा_मुलुंड

नमस्कार. माझी आई ६३ वर्षांची आहे आणि गेली अकरा वर्षे तिला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात आहे. मेथोट्रेक्सेटने पुरेसा आराम पडेनासा झाला, तेव्हा जानेवारीत संधिवाततज्ज्ञांनी तिला रिटुक्सिमॅब हे औषध शिरेतून दोन वेळा, पंधरा दिवसांच्या अंतराने दिले. त्याचा गुण आला. मार्चपासून ती पुन्हा स्वतःच्या हाताने कणीक मळू लागली आहे. सध्या आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज सकाळी आठ वाजता प्रेडनिसोलोन १० मिलिग्रॅम सुरू आहे.

जूनच्या शेवटी तिला ताप आणि छातीत कफ झाला, पाच दिवस अँटिबायोटिक घ्यावे लागले. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी डॉक्टरांनी पुढच्या मात्रेचा विचार करण्यापूर्वी 'लिम्फोसाइट सबसेट' नावाची तपासणी लिहून दिली. शनिवारी दुपारी एकच्या सुमारास लॅबचा मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला. अहवाल असा आहे : एकूण पांढऱ्या पेशी ६,०००, त्यांत न्यूट्रोफिल ७६ टक्के आणि लिम्फोसाइट १५ टक्के. लिम्फोसाइटपैकी सीडी३ ८८ टक्के म्हणजे ७९२, सीडी४ ४७ टक्के म्हणजे ४२३, सीडी८ ३८ टक्के म्हणजे ३४२, एनके पेशी ११ टक्के म्हणजे ९९ आणि सीडी१९ ०.२ टक्के म्हणजे २. सीडी४ आणि सीडी१९ समोर 'कमी' अशी खूण आहे, तर सीडी३ च्या टक्क्यांसमोर 'जास्त' अशी.

आमच्या एका नातेवाइकांनी मोबाईलवर शोधून सर्वांसमोर सांगितले की सीडी४ ही एड्सच्या रुग्णांची तपासणी असते. त्या दिवसापासून आई फारशी बोलत नाही. काल माझ्या लक्षात आले की तिने पाणी पिण्याचा स्वतःचा पेला वेगळा करून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आहे. मी विचारले, तर म्हणाली, "नातवंडं आहेत घरात." डॉक्टर दहा दिवस परगावी आहेत आणि त्यांच्या दवाखान्यातून "घाबरू नका" एवढेच उत्तर मिळाले. सीडी४ ४२३ असणे धोक्याचे आहे का, सीडी१९ इतका खाली कसा गेला आणि तपासणी लगेच पुन्हा करून घ्यावी का, हे जाणकारांनी सांगावे.

---

परळचा_निवृत्त_तंत्रज्ञ

पूर्वाताई, सर्वप्रथम तो पेला जागेवर ठेवा. सीडी४ ची मोजणी ही एचआयव्हीची चाचणी नव्हे. एचआयव्हीचे निदान वेगळ्या रक्तचाचणीने होते आणि ती चाचणी रुग्णाची संमती घेऊनच करावी लागते. सीडी४ पेशी तुमच्या-माझ्यासकट प्रत्येकाच्या रक्तात असतात आणि त्या अनेक कारणांनी कमी-जास्त होतात. शिवाय एचआयव्ही असलेल्या माणसाच्या पेल्यातूनसुद्धा तो संसर्ग पसरत नाही. त्यामुळे ज्या भीतीने आईंनी पेला बाजूला काढला, तिला दोन्ही बाजूंनी आधार नाही.

मी २२ वर्षे फ्लो सायटोमेट्रीच्या यंत्रावर काम केले आहे, म्हणून ही तपासणी कशी होते ते थोडे सविस्तर सांगतो, कारण ते कळल्याशिवाय अहवालातील खुणांचा अर्थ लागत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या लिम्फोसाइट साधारण सारख्याच दिसतात. त्यांच्यातला फरक पृष्ठभागावरच्या प्रथिनांत असतो आणि त्या प्रथिनांना जे क्रमांक दिलेले आहेत, तेच हे सीडी३, सीडी४, सीडी१९. ही क्रमांकाची पद्धत १९८२ मध्ये पॅरिसला भरलेल्या शास्त्रज्ञांच्या कार्यशाळेपासून सुरू झाली. तपासणीत रक्ताच्या थेंबात अशी प्रतिपिंडे मिसळतात की जी नेमक्या एकाच प्रथिनाला चिकटतात आणि ज्यांना चमकणारा रंग जोडलेला असतो. मग यंत्र पेशींना एकामागून एक अशा रांगेने लेसरच्या झोतासमोरून नेते आणि कोणती पेशी कोणत्या रंगाने चमकली ते मोजते. सीडी३ असलेल्या त्या टी पेशी. त्यांतल्या सीडी४ असलेल्या मदतनीस, सीडी८ असलेल्या मारक. सीडी१९ असलेल्या बी पेशी, ज्यांच्यापासून पुढे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी तयार होतात. एनके, म्हणजे 'नॅचरल किलर' पेशी यांहून निराळ्या, त्यांनाही मारक पेशी म्हणतात.

आता तुमचा अहवाल. रिटुक्सिमॅब हे औषध बी पेशींवरच्या सीडी२० या प्रथिनाला चिकटते आणि त्या पेशी नष्ट करते. म्हणजे सीडी१९ जवळपास शून्य होणे हा या औषधाचा अपेक्षित परिणाम आहे. डॉक्टरांनी तपासणी बहुधा तेच पाहण्यासाठी लिहून दिली असावी. (औषध सीडी२० वर काम करत असताना सीडी१९ का मोजतात, असा प्रश्न नवे विद्यार्थी हमखास विचारत. औषध स्वतःच सीडी२० वर बसलेले असल्यामुळे ती जागा झाकली जाते आणि मोजणी फसते. सीडी१९ मोकळा राहतो.) बी पेशी साधारणपणे सहा ते बारा महिन्यांत परत दिसू लागतात, पण याला व्यक्तीनुसार बराच अपवाद असतो.

सीडी३ समोरची 'जास्त' ही खूण तर निव्वळ गणितातून आलेली आहे. टी, बी आणि एनके मिळून शंभर टक्के धरतात. बी पेशींचा वाटा गेला की उरलेल्यांचे टक्के आपोआप फुगतात. आईंच्या ७९२ टी पेशी म्हणजे मुळीच जास्त नाहीत.

आणि ज्या आकड्याने घर हादरले तो ४२३. प्रौढ माणसात सीडी४ साधारण ५०० ते १,५०० प्रति घन मिलिमीटर असतात, म्हणून खूण पडली. परंतु टक्केवारी पाहा, ४७ ही अगदी सर्वसाधारण आहे आणि सीडी४ व सीडी८ यांचे परस्परप्रमाणही एकाहून अधिक, म्हणजे ठीक आहे. कमी आहेत त्या एकूण लिम्फोसाइट : ६,००० चे १५ टक्के म्हणजे ९००. समजा लिम्फोसाइट २५ टक्के असत्या, तर ९०० ऐवजी १,५०० झाल्या असत्या आणि त्याच ४७ टक्क्यांनी सीडी४ ७०५ आला असता. केवळ सीडी४ पेशी घटल्या असत्या तर टक्केवारीही खाली आली असती. इथे सगळ्याच लिम्फोसाइट थोड्या कमी आहेत आणि त्याला दोन कारणे तुम्हीच लिहिली आहेत : नुकताच होऊन गेलेला संसर्ग आणि सकाळी आठची प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची गोळी. स्टिरॉइड घेतल्यानंतर चार ते सहा तासांत रक्तातल्या लिम्फोसाइट बऱ्याच खाली जातात, कारण त्या रक्त सोडून अस्थिमज्जेसारख्या इतर ठिकाणी जाऊन थांबतात. तुमचे रक्त घेतले दुपारी एकला, म्हणजे नेमके पाच तासांनी.

एक गोष्ट मी प्रत्येक रुग्णाला सांगत आलो आहे की शरीरातील एकूण लिम्फोसाइटपैकी जेमतेम २ टक्के एका वेळी रक्तात असतात. बाकीच्या लसीकाग्रंथी, प्लीहा, आतड्याचे अस्तर, अस्थिमज्जा यांत असतात. आपण रस्त्यावरची माणसे मोजतो, घरांतली नाही. दुपारी दोनला गोखले रोडवर गर्दी कमी दिसली म्हणून दादरची वस्ती घटली असे कोणी म्हणत नाही.

अहवालाच्या पहिल्या पानावर नमुना घेतल्याची, लॅबमध्ये पोचल्याची आणि अहवाल दिल्याची वेळ छापलेली असेल. ती पाहून इथे लिहाल का?

---

अनघा_ठाणे

वरील प्रतिसाद वाचून राहवले नाही म्हणून लिहीत आहे, कारण याच तपासणीच्या एका आकड्यापायी आमचे दीड वर्ष गेले.

दोन गर्भपातांनंतर आम्ही मुंबईतल्या एका वंध्यत्व उपचार केंद्रात गेलो होतो. तिथे रक्तातील एनके पेशी मोजल्या, त्या १८ टक्के आल्या आणि मला सांगण्यात आले की "तुमच्या मारक पेशी बाळावर हल्ला करतात." त्या वाक्याने माझ्या मनाचे काय झाले ते शब्दांत सांगता येणार नाही. स्वतःच्याच रक्ताची चीड येऊ लागली. त्यापुढे स्टिरॉइड, शिरेतून देण्याची चरबीयुक्त द्रावणे, दर महिन्याला पुन्हा तीच मोजणी, असे चक्र सुरू झाले. आकडा कधी १४, कधी २१ येई आणि त्या दिवशी घरातले वातावरण त्या आकड्याप्रमाणे बदले.

पुढे दुसऱ्या एका स्त्रीरोगतज्ज्ञांनी शांतपणे समजावले की प्रौढांच्या रक्तात एनके पेशी साधारण ५ ते २० टक्के असू शकतात. गर्भाशयाच्या अस्तरातील एनके पेशी या रक्तातल्या एनके पेशींपेक्षा वेगळ्या वागणुकीच्या असतात आणि रक्तातला आकडा त्यांच्याविषयी फारसे काही सांगत नाही. त्या पेशी गर्भाच्या वाढीसाठी रक्तवाहिन्यांची रचना घडवण्यात मदतच करतात. मानवी पुनरुत्पादनावर काम करणाऱ्या ईएसएचआरई या युरोपीय संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही वारंवार गर्भपात झालेल्या स्त्रियांसाठी एनके पेशींची चाचणी करण्यास पुरेसा आधार नाही असे म्हटले आहे.

पूर्वा, तुझ्या आईच्या बाबतीत तपासणीमागे एक स्पष्ट प्रश्न होता : बी पेशी परत आल्या की नाही. आमच्या बाबतीत प्रश्नच नव्हता, फक्त आकडा होता. म्हणून कोणी ही तपासणी सुचवली तर मी आता एवढेच विचारते की उत्तर काहीही आले तरी त्याने उपचारात काय बदल होणार आहे. करोनानंतर 'इम्युनिटी प्रोफाइल' या नावाने निरोगी माणसांना विकली जाणारी पॅकेजेस पाहिली की मला हाच प्रश्न त्यांच्या दारावर लिहून ठेवावासा वाटतो.

---

पूर्वा_मुलुंड

काका, आपले उत्तर मी आईला सकाळी चहाच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवले. दादरच्या गर्दीचा दाखला तिला लगेच पटला, कारण तिचे बालपण तिथलेच. अनघाताई, तुमचा प्रतिसादही वाचला. तुम्ही लिहिलेत हे फार बरे केलेत.

वेळा पाहिल्या. नमुना शनिवारी १३.१० ला घेतला आहे, लॅबमध्ये १८.४५ ला पोचला आहे आणि तपासणी सोमवारी सकाळी ९.३० ला झाली असे दिसते. रक्त नेणाऱ्या मुलाच्या पेटीत बर्फाच्या थैल्या होत्या आणि जांभळ्या टोपणाची नळी त्याने त्यांच्याच बाजूला खोचली, हे मला नीट आठवते, कारण नळी फुटेल की काय अशी मला काळजी वाटली होती. याने काही फरक पडतो का?

---

परळचा_निवृत्त_तंत्रज्ञ

पडू शकतो आणि म्हणूनच वेळा विचारल्या. या तपासणीचे रक्त ईडीटीएच्या, म्हणजे जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात आणि ते खोलीच्या तापमानाला ठेवायचे असते. साखर, चरबी किंवा संप्रेरकांच्या नमुन्यांना थंडावा चालतो, म्हणून सगळ्या नळ्या एकाच पेटीत बर्फाशेजारी जातात आणि या नळीवर अन्याय होतो. थंडीने काही पेशींच्या पृष्ठभागावरची प्रथिने नीट रंगत नाहीत, गोठण्याइतके तापमान उतरले तर नमुना वायाच जातो. याउलट मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या स्कूटरच्या डिकीतली नळीही चांगली नाही. बहुतेक प्रयोगशाळा नमुना ४८ तासांच्या आत तपासतात. तुमचा ४४ तासांनी तपासला गेला आहे, म्हणजे मर्यादेत आहे, पण काठावर. टी, बी आणि एनके यांची बेरीज तुमच्या अहवालात ९९.२ येते. ती शंभराच्या आसपास असणे ही मोजणी फार भरकटली नसल्याची खूण आहे. ही बेरीज कोणत्याही रुग्णाला घरी कागदावर करून पाहता येते.

पुढच्या वेळी एवढे जरूर करा : रक्त सोमवार ते गुरुवार यांपैकी कोणत्या तरी दिवशी, शक्यतो सकाळी आणि प्रत्येक वेळी त्याच सुमारास द्या. सीडी४ पेशी दिवसभरात घटत-वाढत असतात, सकाळी-दुपारी कमी, रात्रीकडे जास्त. उपाशीपोटी जाण्याची गरज नाही, पण जिने धावत चढून लगेच हात पुढे करू नका, व्यायामानेही मोजणी तात्पुरती बदलते. स्टिरॉइडची गोळी किती वाजता घेतली ते चिठ्ठीवर लिहून द्या. आणि प्रयोगशाळा बदलू नका. काही ठिकाणी सीडी४ ची संख्या यंत्र थेट मोजते, तर काही ठिकाणी यंत्राची टक्केवारी आणि सीबीसीमधील, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीतील लिम्फोसाइटची संख्या यांचा गुणाकार करून काढतात. दोन पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून "शंभराने उतरले" म्हणणे योग्य नाही.

अनघाताईंच्या लिहिण्याने वाईट वाटले. तरीही या तपासणीवरचा विश्वास कोणाचा उडू नये म्हणून एक सांगतो. माझ्या नोकरीत सर्वांत जपून हाताळलेल्या नळ्या तान्ह्या बाळांच्या होत्या, तळाशी जेमतेम मिलिलिटरभर रक्त असलेल्या. काही बाळे टी पेशींशिवाय जन्माला येतात. बाळांमध्ये लिम्फोसाइट मोठ्यांपेक्षा पुष्कळ जास्त असतात, त्यामुळे ज्या आकड्यावर मोठ्यांच्या अहवालात काहीच खूण पडत नाही, तोच तान्ह्या बाळात चिंतेचा असतो. बाळाच्या लिम्फोसाइटचा ३,००० च्या खालचा आकडा दिसला की आम्ही डॉक्टरांना लगेच फोन करत असू. ज्या घरात आधीचे मूल वारंवार संसर्ग होऊन पहिल्या वर्षात दगावले आहे, तिथे पुढच्या बाळाला जन्मतः बीसीजीची लस टोचण्यापूर्वी हे डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे, कारण ती जिवंत जंतूंची लस आहे आणि टी पेशी नसलेल्या बाळात तीच जिवावर उठू शकते. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था आहे, तिथे अशा जन्मजात दोषांचे निदान होते. या लेकरांसाठी ही तपासणी अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा रस्ता उघडते.

---

डॉ_गिरगाव

मी फिजिशियन आहे. रुग्णाला न तपासता उपचार सांगणे योग्य नाही, म्हणून आपल्या डॉक्टरांशी बोलताना कोणते मुद्दे काढावेत तेवढेच लिहितो.

सीडी४ २०० च्या खाली गेल्यास न्यूमोसिस्टिस या न्यूमोनियाला प्रतिबंध म्हणून को-ट्रायमॉक्सॅझोल देतात, हा निकष एचआयव्हीच्या रुग्णांच्या अनुभवातून आला आहे. तो आमवाताच्या रुग्णाला जसाच्या तसा लावता येत नाही. इथे आम्ही स्टिरॉइडची मात्रा व कालावधी, सोबतची औषधे, फुप्फुसांची स्थिती हे सर्व एकत्र पाहतो. ४२३ या आकड्यासाठी उद्याच्या उद्या तपासणी पुन्हा करण्याची गरज मला दिसत नाही. संसर्ग पूर्ण ओसरल्यावर काही आठवड्यांनी, डॉक्टरांना हवी असल्यास ती होईल.

माझे लक्ष मात्र दुसरीकडे जाते. जूनमधला छातीचा संसर्ग. प्रतिपिंडे तयार करणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर सीडी२० नसतो, त्यामुळे रिटुक्सिमॅबनंतर बी पेशी शून्य झाल्या तरी जुन्या प्रतिपिंडांचे उत्पादन चालू राहते. पण काही रुग्णांत, विशेषतः मात्रा पुन्हा पुन्हा दिल्यावर, आयजीजी या मुख्य प्रतिपिंडाची पातळी घसरते आणि छातीचे, सायनसचे संसर्ग होऊ लागतात. पेशींच्या मोजणीत हे दिसत नाही, त्यासाठी रक्तातील आयजीजी वेगळी मोजावी लागते. पुढची मात्रा ठरवण्याआधी ती झाली आहे का, हे जरूर विचारा. हिपॅटायटिस बी ची चाचणी औषध सुरू करण्यापूर्वी झालेली असणार, तिचा अहवाल फाइलमध्ये आहे ना ते पाहा, कारण हे औषध शरीरात दबून बसलेला तो विषाणू पुन्हा जागा करू शकते. न्यूमोनियाची लस घेतलेली नसेल तर ती केव्हा घ्यायची तेही विचारा. बी पेशी नसताना लसीचा प्रतिसाद क्षीण येतो, म्हणून शक्यतो ती पुढच्या मात्रेच्या काही आठवडे आधी देतात. फ्लूची लस मात्र यासाठी थांबवत नाहीत.

न्यूट्रोफिल ६,००० चे ७६ टक्के म्हणजे ४,५६० आहेत, ही समाधानाची बाब. या औषधानंतर काही महिन्यांनी क्वचित न्यूट्रोफिल अचानक उतरतात. ते १,५०० च्या खाली गेले तर डॉक्टरांना कळवावे आणि ५०० च्या खाली असताना ताप आला तर रात्र असो वा पहाट, थेट रुग्णालय गाठावे. आईंच्या बाबतीत सध्याही ताप १०० अंश फॅरनहाइटच्या वर गेला तर "बघू दोन दिवस" असे करू नका. आणि अहवाल पाहून प्रेडनिसोलोन मनाने बंद करणे ही चूक कृपया कोणी करू नये, इतक्या महिन्यांनंतर ती अचानक थांबवणे धोक्याचे असते.

---

समुपदेशक_भायखळा

एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरील औषधोपचाराच्या केंद्रात समुपदेशन करत असल्यामुळे सीडी४ या शब्दाला चिकटलेली भीती रोज पाहते. मुंबईत जेजे रुग्णालयात २००४ मध्ये मोफत एआरटी सुरू झाली, तेव्हा औषध कोणाला द्यायचे हे मुख्यतः सीडी४ वर ठरे, त्यामुळे तो आकडा म्हणजे आयुष्याचा निकाल अशी लोकांची समजूत झाली. २०१७ पासून आपल्याकडे निदान होताच, सीडी४ कितीही असला तरी औषध सुरू करतात आणि औषध लागू पडते आहे की नाही हे विषाणूंच्या मोजणीवरून कळते. त्याच वर्षीच्या एचआयव्ही कायद्याने रुग्णाच्या संमतीविना चाचणी करणे आणि त्याची स्थिती उघड करणे या दोन्हींना मज्जाव केला आहे. कुणाच्या मनात शंका राहिलीच, तर १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगता बोलता येते.

पूर्वा, आईचा अहवाल ज्यांनी चारचौघांत वाचला, त्यांच्याशी तू एकदा बोलावेस असे मला वाटते. आईला स्वतःहून ते जमणार नाही.

---

पूर्वा_मुलुंड

सर्वांचे मनापासून आभार. फाइल काढून पाहिली. हिपॅटायटिस बी चा अहवाल आहे, डिसेंबरचा, निगेटिव्ह. आयजीजीची तपासणी कुठेच सापडली नाही, न्यूमोनियाच्या लसीची नोंदही नाही. दोन्ही मुद्दे कागदावर लिहून अहवालाला टाचून ठेवले आहेत. डॉक्टर पुढच्या बुधवारी येतात, पहिलीच वेळ घेतली आहे.

नातेवाइकांना काल रात्री फोन केला. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "मावशीला दे." आई स्वयंपाकघरात उभी राहून त्यांच्याशी बोलली. काय बोलणे झाले ते तिने सांगितले नाही. आज सकाळी पेला मांडणीवर इतर पेल्यांत होता.